पाटीबाई आणि सुकाणूचं क्रियापद

चूक चार अक्षरांची होती: ‘मी थकले.’

अंतराळयानाच्या त्या मालिकेचा शेवटचा सीझन, तिसरा भाग. हेल्मेटातलं ‘सुकाणू’ नावाचं पात्र यंत्रातून येणाऱ्या घोगऱ्या आवाजात काहीतरी बोललं आणि पडद्याच्या तळाशी आपल्या भाषेतली पाटी झळकली. दीड सेकंदच झळकली, पण तेवढ्यात सहा वर्षांची झाकली मूठ उघडी पडली.

पाट्या लिहिणाऱ्या बाईंना कंपनीत सगळे पाटीबाईच म्हणत. नाव तसं दुप्पट खरं होतं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि बाई लहानपणी त्यांच्या शिडीखाली रंगाचा डबा धरून उभ्या असायच्या. फळी काही मोठी होत नसते, शब्द लहान कर, हे शिक्षण तिथलं. तेच पुढे पडद्यावर कामाला आलं: दोन ओळी, ओळीला पस्तीस अक्षरं, त्यापुढे देवाची प्रार्थनासुद्धा कापायची.

त्या मालिकेचं सगळ्यात मोठं कोडं म्हणजे हेल्मेटाच्या आत कोण, बाई की बुवा. मूळ भाषेत ते लपवायला काही कष्ट नव्हते. तिथलं क्रियापद सगळ्यांना एकाच मापाचं, कुणीही घाला. आपल्या भाषेत माणसाने ‘मी आलो’ म्हणून तोंड उघडलं की कारभार आटोपला. म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी त्या पात्राला ‘सुकाणू’ हे नपुंसकलिंगी नाव देऊन बेगमी करून ठेवली. पुढची सहा वर्षं त्यांनी दोरीवरून चालावं तशी काढली. ‘मी जातो’ नाही की ‘जाते’ नाही, ‘मला निघायला हवं.’ ‘मी घाबरलो’ नाही, ‘मला भीती वाटते.’ ‘मी येईन’ला तेवढा धोका नव्हता, त्यामुळे सुकाणू बरंचसं भविष्यकाळातच बोलायचं. प्रेक्षक म्हणायचे, पात्र मोठं दूरदर्शी आहे.

शेवटच्या सीझनला कंपनीने पाट्या तपासणारा माणूस काढून टाकला. लिहायचं बाईंनी, तपासायचंही बाईंनीच, आणि भाग आज आला की आजच द्यायचा. तिसऱ्या भागाच्या दिवशी सहाशे पाट्या झाल्यावर ती पाटी आली. तिथे बाईंच्या हातून जे उमटलं ते सुकाणूचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवशी गहजब. शेवट फोडला, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं. उरलेल्या अर्ध्यांना सुकाणू बाई असल्याचाच राग, की सहा वर्षं आम्ही जिला सलाम ठोकला ती बाई निघाली होय. एकाने लिहिलं, पाटी लिहिणारीला त्याच यानात बसवून पाठवा, परतीचं तिकीट काढू नका. दुसऱ्याने कळवलं की शेवट बघायचा म्हणून वडिलांनी ऑपरेशन पुढे ढकललंय, आता ते करून घेऊ का, ते तरी सांगा. बाईंना शेवट ठाऊकच नव्हता. भाग कुलूपबंद यायचे, आठवड्याला एक. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ठरली की संन्याशाचं कोण ऐकतं?

घरीसुद्धा सुटका नव्हती. त्यांचे दादा बस डेपोत ब्रेक दुरुस्त करायचे. बहीणभाऊ दोघंच एका घरात राहायचे आणि ही मालिका डेपोत दादांनीच लावून दिलेली. तिथल्या फिटरांमध्ये सहा वर्षं ‘तो’ पार्टी आणि ‘ती’ पार्टी होती. दादा ‘तो’ पार्टीचे पुढारी. आता जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्यावर कुणीतरी खडूने ‘मी थकले’ लिहून ठेवायचं. तीन दिवस ते बहिणीशी बोलले नाहीत, आणि बोलले ते एवढंच, की ब्रेक बसवताना मी असा हात चुकवला असता तर चाळीस माणसं गेली असती. बाईंनी ताट जरा जोरात ठेवलं. तुझ्या डेपोत ब्रेक बसवणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो, हे त्यांनी भावाला ऐकवलं आणि भात वाढायचा विसरून गेल्या.

कंपनीतले साहेब वयाने बाईंच्या धाकट्या भावासारखे. त्यांनी एक कागद पुढे केला: सदर चूक ही भाषांतरकाराची वैयक्तिक आहे, कंपनीचा संबंध नाही. तपासनीस काढल्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सही केली तर शेवटचा भाग बाईंकडे, नाही केली तर संगणकाकडे.

बाईंना त्या कागदाचे तुकडे करून साहेबांच्या चहात टाकावेसे वाटले. पण सहा वर्षं सुकाणूच्या तोंडी त्यांचे शब्द होते. त्याचा शेवटचा शब्द भलत्याच कुणीतरी लिहावा, हे त्यांना मरणाहून वाईट होतं. त्यांनी सही केली. इतकी दाबून केली की खालच्या टेबलावरही उमटली.

शेवटचा भाग आला. बाईंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मग त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. यानातले सगळे आधीच्या भागांत एकेक करून मेलेले. सुकाणू एकटं उतरतं, हेल्मेट काढतं, आणि कॅमेरा पाठीमागे. चेहरा नाही. केस बारीक कापलेले, ते कुणाचेही असतील. आणि मग एकच वाक्य, पोचल्याचं. पडद्यावर जेमतेम एक सेकंद. बनवणाऱ्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही ते नाहीच, आणि आपल्या भाषेत मात्र ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

साहेब मागे उभे होते. म्हणाले, “‘आलो’ लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“का, ‘आलो’ का?”

“पुरुष धरून चालायचं. सगळे तसंच करतात.”

“सगळे करतात म्हणूनच मी सहा वर्षं ते टाळलं, साहेब. तुम्ही धरून चाला. मी चालत नाही.”

“मग ‘आले’ लिहा. तसंही एकदा लिहिलंच आहे तुम्ही.”

बाईंच्या मनात आलं ते पस्तीस अक्षरांत बसलं नसतं. साहेबांनी सहाला फाइल गेलीच पाहिजे, ‘आलो’ लिहून गेली पाहिजे, असं बजावलं आणि मीटिंगला गेले.

फाइल पाठवायचं काम शेजारच्या खोलीतल्या सेकंदकाकांचं. पाटी कधी उगवावी आणि कधी मावळावी, हे ते ठरवत. त्यांचा हिशेब सेकंदाचा होता, माणसांशी बोलणं मात्र महिन्यातून एकदा. बाईंनी त्यांना अर्धा तास मागितला. काका घड्याळाकडे बघून म्हणाले, “देतो. पण एक सांगायचं. सहा वर्षं सुकाणूच्या पाट्या मी लावतोय. तुमच्या डोक्यात ते कोण होतं, बाई की बुवा, ते मला सांगायचं. मलाच.”

बाई घाईत होत्या. सांगते म्हणाल्या.

‘माझं येणं झालं’ लिहिलं, ते पंचायतीच्या ठरावासारखं दिसलं. ‘येऊन पोचणं झालं’ म्हणजे पार्सल. साडेसहाला सात मिनिटं कमी असताना बाईंनी एकेक करून मेलेले मोजले: डॉक्टर, दोघी जुळ्या, म्हातारा कप्तान, पाचव्या सीझनमध्ये गेलेला मेकॅनिक. मग टाइप केलं: ‘आपण पोचलो.’

काकांनी ते वाचलं, एक सेकंद होतं त्याचं सव्वा सेकंद केलं आणि फाइल सोडली.

शेवटावर जगभर शिव्याच पडल्या. आपल्याकडे त्या बाईंच्या वाट्याला जास्त आल्या. चेहरा दाखवला नाही म्हणून एक शिवी, आणि ‘आपण’ कोण म्हणून दुसरी. यानात आणखी कुणीतरी लपलेलं आहे, असं सिद्ध करणारे चौदा व्हिडिओ निघाले. साहेबांनी बाईंना बोलावून, हुकूम मोडल्याबद्दल यापुढे काम मिळणार नाही, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, तपासनीस ठेवा, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला तरी सही करावी लागणार नाही. आणि दार आपटून निघाल्या. दार नेमकं हळू मिटणारं होतं, त्यामुळे राग अर्धाच निघाला.

घरी दादांनी शेवटचं दृश्य चार वेळा मागे नेऊन पाहिलं. पाचव्यांदा पाहताना पडद्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, “तो मेकॅनिक धरून ना गं?”

“त्याला धरूनच.”

“मग ठीक. पण ‘थकले’चं मी विसरलेलो नाही.”

बाई आता दुसऱ्या एका कंपनीसाठी माहितीपटांच्या पाट्या लिहितात. मुंग्या, ज्वालामुखी, असलं काहीबाही. तिथे लिंगाचा त्रास कमी, बाईंचा राग मात्र तेवढाच. सेकंदकाका महिन्यातून एकदा फोन करतात, आणि इकडचं तिकडचं काही न विचारता एवढंच म्हणतात, “बाई, माझं उत्तर?” सहा वर्षं ते टाळता टाळता आपल्या डोक्यात खरंच कोणी होतं का, हे बाईंना आता नीटसं आठवत नाही. पुढच्या महिन्यात सांगते, असं म्हणून त्या फोन ठेवतात.