गणपतीला गावी न गेलेली बाई

ती केस अजून आठवते, आणि आठवली की आधी हसूच येतं. तिच्यात खून नाही, दरोडा नाही, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. पण माझ्या अख्ख्या नोकरीत स्वतःला अडकवण्यासाठी पोलिसांशी खोटं बोलणारी संशयित मला एकच भेटली, ती या केसमध्ये. बाकी सगळे सुटण्यासाठी खोटं बोलतात. नावं मी कुणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो, गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे. आमच्या हद्दीत बोरिवली पूर्वेला हायवेला लागून एका पार्सल कंपनीची मोठी शेड होती. आपण घरी बसून मोबाईलवर साडी मागवतो, मिक्सर मागवतो, ते खोकं अशाच एखाद्या शेडमधून येतं. तिथे बॅगा फोडायच्या, प्रत्येक पार्सल हातातल्या स्कॅनरने नोंदवायचं आणि दहिसरचं दहिसरला, गोराईचं गोराईला असं वेगवेगळ्या बॅगांत भरायचं. हे काम बहुतेक बायका करायच्या, तेही अर्ध्या पाळीत. कुणाचं पोर दुपारी शाळेतून येणार, कुणाच्या घरी आजारी माणूस. दिवसभर घराबाहेर राहता येत नाही, पण चार पैसे तर हवेत. अशांना अर्धी पाळी म्हणजे देवच पावला.

दिवाळीनंतर कंपनीने मालाचा हिशोब जुळवला, तेव्हा मोबाईलची पार्सलं गायब असल्याचं कळलं. सगळ्यात मोठी चोरी गणपतीच्या दिवसांतली. एका टेबलावर आलेली अख्खी बॅग पुढे पोचलीच नव्हती. स्कॅनर चालू करायला प्रत्येकीला आपलं ओळखपत्र दाखवावं लागे, त्यामुळे त्या वेळी टेबलावर कोण होतं ते कंपनीला माहीत होतं. दहिसरला चाळीत राहणारी, मूळची देवगडकडची एक बाई.

कंपनीचा मॅनेजर तक्रार घेऊन आला. तरुण, हुशार, जरा घाईतला. म्हणाला, “सर, सरळ केस आहे. अटक करा, माल निघेल.”

“माल निघाला नाही तर?” मी विचारलं.

मी गुन्हा नोंदवला, पण अटकेचं बघू म्हटलं.

त्याच्याबरोबर शिफ्ट इनचार्जही आला होता. कोणत्या टेबलावर कोण बसणार, ते हा ठरवायचा. तो संध्याकाळी परत आला, एकटाच. माझ्यासमोर खुर्ची ओढून हळूच म्हणाला, “साहेब, त्या बाईच्या घरी नवा फ्रीज आलाय. एकदा बघून घ्या. माझं नाव मात्र नको यात.”

आता, खबरी लोकांशी माझं आयुष्य गेलं. कुणी पैशासाठी खबर देतो, कुणी खुन्नस काढायला, कुणी आपली एखादी केस हलकी व्हावी म्हणून. काहीच न मागता आलेली टीप मला कधी पचली नाही. पण ऐकून घेतली. तपासात ऐकून घ्यायला काही जात नाही.

त्या बाईला बोलवायला मी गाडी पाठवली नाही. चाळीत पोलिसांची गाडी थांबली की निकाल तिथेच लागतो, कोर्टाची वाट कुणी बघत नाही. माझ्या महिला हवालदार साध्या साडीत रिक्षाने गेल्या आणि तिला नोटीस देऊन बरोबर घेऊन आल्या. हवालदार बाई कणकवलीकडच्या. बोलायला एकदम फटकळ, आणि माणसाची पारख माझ्याहून जास्त. फ्रीज त्यांनी बघितला होता. आल्या आल्या मला म्हणाल्या, “साहेब, सासू अंथरुणाला खिळलेली आहे. इन्सुलिन ठेवायला घेतलाय फ्रीज. आत दुधाची पिशवी न् इन्सुलिन, दुसरं काय नाय.”

बाई समोर बसली. चाळिशीची, पदर खांद्यावर घट्ट धरलेला. रडत नव्हती. मी मुद्द्यालाच हात घातला.

“ताई, बॅग तुमच्या टेबलावरून गेली.”

“मी चोरी नाय केली साहेब.”

“त्या दिवशी टेबलावर तुम्हीच होता ना?”

“होते.”

“दुसऱ्या दिवशी?”

“तेव्हा पण होते.”

“बॅग कुठे गेली?”

“ते माहीत नाय.”

असं बराच वेळ चाललं. चोरीचं विचारलं की ती माझ्या डोळ्यात बघून नाही म्हणायची, आणि हजर होतात का विचारलं की जमिनीकडे बघून हो म्हणायची. मला हे उलटं वाटत होतं. चोर सहसा हजेरीलाच नाही म्हणतो. मी तिथे नव्हतोच साहेब, मामाकडे होतो, लग्नाला होतो. ही मात्र दरवेळी स्वतःला उचलून त्या टेबलावर नेऊन बसवत होती.

मी तिला स्पष्ट सांगितलं, “गुन्ह्यात तुमचं नाव गेलं तर ही नोकरी तर जाईलच, पण माणसं पुरवणारी एजन्सी दुसऱ्या कुठल्याही शेडमध्ये तुम्हाला उभी करणार नाही. सासूजवळ कोण बसतं तुमच्या मागे?”

“मुलगी बसते. कॉलेजातून आली की मी निघते.” तेवढं बोलताना मात्र तिचा आवाज फाटला. पूर्ण वेळाचं काम तिला करताच येणार नव्हतं. ही अर्धी पाळी गेली असती तर मुलीचं कॉलेज सुटलं असतं, एवढं गणित मलाही समजत होतं.

इतका वेळ हवालदार बाई कपाटाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने बाहेर बोलावलं.

“साहेब, ही बाय खोटा बोलता.”

“चोरी केलीय म्हणता?”

“चोरी नाय हो. देवगडची बाय, आणि गणपतीक मुंबईत बसून पार्सला भरीत होती? अहो, आमच्यात एकवेळ लग्नाक माणूस जाणार नाय, पण गणपतीक घर गाठतलोच. माका बोलू दे तिच्याशी.”

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडेही गणपती बसतो, पण नोकरी सोडून कुणी धावत नाही. मी म्हटलं, बोला.

आत जाऊन बाईंनी आधी चहा मागवला. मग गावच्या गप्पा. गाव खंयचो, घर वरच्या वाडीत की खालच्या, गणपती किती दिवसांचा. चौकशी नव्हेच ती, माहेरच्या दोन बायका बसस्टॉपवर भेटाव्यात तसं चाललं होतं. समोरच्या बाईचे खांदे हळूहळू सैल झाले.

“यंदा मूर्ती बरी हाडलास?” बाईंनी विचारलं, म्हणजे चांगली आणलीत ना.

“मूर्ती खूप सुंदर होती गे. पण डोक्यार घेवन येताना उंदराचो कान तुटलो. घरात सगळे गप्प. मगे मियाच माती मळून बसवलंय. रंग सुको होयसर कोणाक हात लावूक दिलंय नाय.”

सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मग तिलाच कळलं, उंदराचा कान स्वतः बसवला म्हणजे गणपतीत आपण गावी होतो, हेच आपण बोलून बसलो. चहाचा कप तिने खाली ठेवला आणि ती तोंडाला पदर लावून हमसून रडायला लागली.

मी आत गेलो. “ताई, तुम्ही गावी होता तर तुमचं कार्ड घेऊन टेबलावर कोण होतं?”

“ते नाय सांगणार.”

“अहो, ते सांगितलंत तर तुम्ही सुटता.”

“मी सुटेन साहेब. पण तिचं काम जाईल. तिने पण चोरी नाय केलेली, मला ठाऊक आहे. आणि एकदा हे बाहेर पडलं तर पुढच्या वर्षी कोणच कोणाला गणपतीला पाठवणार नाय.”

मग तिच्याच तोंडून सगळी भानगड समजली. अर्ध्या पाळीच्या बायकांना भरपगारी रजा नाही. सांगून गैरहजर राहिलं तरी दोन-तीनदा झालं की कार्ड बंद. आणि गणपतीला सगळ्या कोकणवाल्या एकदम रजा मागणार, ती मिळणार कशी? म्हणून बायकांनी आपसात सोय लावली होती. गणपतीत कोकणातल्या बायकांच्या जागी ख्रिश्चन आणि मुसलमान बायका उभ्या राहायच्या, नाताळात आणि ईदला ह्या त्यांच्या जागी. छठला बिहारच्या बाईची पाळी कुणीतरी करायचं. जिची पाळी तिचंच कार्ड वापरायचं. धुळीसाठी सगळ्यांच्या तोंडावर मास्क, डोक्याला टोपी, गेटवर कोण ओळखणार? वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. मला मनापासून कौतुक वाटलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून एकमत होत नाही, आणि इथे सगळ्या धर्मांच्या बायकांनी सणांचं वेळापत्रक लावलं होतं, तेही एक अक्षर न भांडता.

मी तिला घरी जाऊ दिलं. नाव विचारलं नाही. विचारून ती सांगणार नव्हती, आणि तिच्यावर जोर करायची मला इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच ठाणे अंमलदाराने सांगितलं, गोराईहून एक बाई आलीय. पहिल्या बोटीने खाडी ओलांडून आली होती. गळ्यात क्रॉस, नवरा बाहेर स्कूटरवर बसलेला. न बसताच म्हणाली, “साहेब, माझी मैत्रीण खोटं बोलते. गणपतीत ती नव्हती, मी होते. काल रात्री तिने फोनवर सांगितलं, गप्प राहा. मी का गप्प राहू? तिला जेलात टाकणार काय तुम्ही?”

“बसा आधी. बॅगेचं काय झालं?”

“बॅग मी स्कॅन केली. तेवढ्यात इनचार्ज आला. वजनात फरक येतोय म्हणाला, बाजूला घेतो. घेऊन गेला, परत आणलीच नाही.”

“मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “कोणाला सांगू? मी तिथे नव्हतेच ना.”

हे ऐकलं आणि मला अख्खी केस दिसली. मी मॅनेजरला फोन लावून बाकीच्या सगळ्या किरकोळ चोऱ्यांच्या तारखा मागवल्या, ज्या कंपनीने वाहतुकीतलं नुकसान म्हणून सोडून दिल्या होत्या. हवालदार बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. एक तारीख ईदची. एक बकरी ईदची. एक गोराईकडच्या बायका दरवर्षी जत्रेला जातात तेव्हाची. शेवटची छठची. प्रत्येक चोरी सणाची, आणि प्रत्येक वेळी जिचं कार्ड ती बाई भलतीकडेच. अदलाबदल पहिल्यापासून इनचार्जला ठाऊक होती, त्याच्या नजरेखालीच चालायची. बायकांना वाटायचं, किती चांगला माणूस, डोळेझाक करतो. आणि हा गडी बरोबर त्याच टेबलावर हात मारायचा जिथली बाई तोंड उघडू शकत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण ऐकली होती. संन्यासी आधीच निवडून ठेवणारा चोर मात्र मी पहिल्यांदा बघितला, आणि मला त्याची भयंकर चीड आली.

गणपतीतलं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं, कारण ते महिनाभरच राहतं. पण दिवाळीपाठोपाठ आलेल्या छठचं शिल्लक होतं. त्यात तो टेबलावरून बॅग उचलून मागच्या खोलीकडे जाताना दिसत होता. दरम्यान चोरीच्या मोबाईलपैकी काही चालू झाले होते. त्यांच्या नंबरांवरून घाटकोपरच्या एका दुकानापर्यंत पोचलो, आणि दुकानदाराने फारसे आढेवेढे न घेता इनचार्जला ओळखलं. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा माझ्या टेबलावर कॅलेंडर उघडंच होतं. त्याने सणांच्या तारखांवरच्या लाल खुणा बघितल्या आणि खुर्चीत बसल्याबसल्या पाणी मागितलं. निम्मा-अधिक माल मुलुंडला त्याच्या मेव्हण्याच्या घरी मिळाला. पंचनामा, अटक, रिमांड, सगळं रीतसर झालं.

पण माझं काम संपलं नव्हतं. मॅनेजर आभार मानायला आला आणि जाता जाता म्हणाला, “त्या दोघींना मात्र ठेवता येणार नाही, सर. कार्ड दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही.”

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, “साहेब, त्या दोघी माझ्या मुख्य साक्षीदार आहेत. उद्या कोर्टात आरोपीचा वकील विचारेल, कंपनीने यांना का काढलं? काय उत्तर देणार? आणि एक सांगा, सणाच्या दिवशी तुमच्या शेडमध्ये एक तरी टेबल रिकामं राहिलं होतं का?”

तो मान हलवत म्हणाला, “नाही. आम्हाला वाटायचं, आमचं प्लॅनिंग चांगलं आहे.”

“प्लॅनिंग त्यांचं होतं. तुम्ही फक्त त्याला नाव द्या. बदली पाळी रीतसर करा, जी उभी राहील तिने स्वतःचं कार्ड वापरावं. चोराला लपायला जागाच उरणार नाही.”

पोरगा समंजस निघाला. वर बोलतो म्हणाला. मी फारशी आशा ठेवली नव्हती.

नाताळच्या दिवशी आरोपपत्रासाठी शेडचा नकाशा तपासायला आम्ही तिथे गेलो. गोराईच्या बाईच्या टेबलावर आमच्या देवगडच्या ताई उभ्या होत्या, हात भराभर चाललेले. मला बघून थांबल्या, मास्क खाली केला.

“मैत्रीण कुठाय?” मी विचारलं.

“घरी. आज तिचो सण ना साहेब.” आणि त्यांनी हातातला स्कॅनर माझ्यापुढे धरला. त्याच्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. “टेबल तिचं, पण नाव माझं. आता काय गेलं तर मला विचारा.”

हवालदार बाईंनी तिथेच डोळे पुसले.

नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला बोलावतात तेव्हा मी ही केस सांगतो. खोटं पकडलं म्हणजे गुन्हेगार पकडला, असं समजू नका. ते खोटं कुणाला वाचवतंय, ते बघा. बोलणाऱ्याला वाचवत असेल तर खुशाल मागे लागा. दुसऱ्याला वाचवत असेल तर जरा थांबा, चहा मागवा, बसू द्या. बहुतेक वेळा तुमच्यासमोर चांगलं माणूस बसलेलं असतं, आणि त्याला खरं बोलता येईल अशी सोय आपण अजून केलेली नसते.