रिपोर्ट येईपर्यंत आइस्क्रीम बंद

मागच्या उन्हाळ्यात खापर या डोंगरपायथ्याच्या गावच्या बाजारात मला कोणी नमस्कार-चमत्कार करत नव्हतं. मी रस्त्याने दिसले की लहानथोर सगळे एकच विचारायचे, "मॅडम, रिपोर्ट उना का?" भेळवाला विचारायचा, शिंपी विचारायचा, आणि पोरं तर जीपच्या मागे पळत विचारायची. मी गुरांची डॉक्टर. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या रिपोर्टची वाट वरच्या साहेबांनीसुद्धा कधी अशी पाहिली नव्हती.

झालं असं. माझा दवाखाना वर डोंगरात आहे. तिथल्या एका पाड्यावरची गाय अचानक बिथरली. हात लावला की दचकायची, थरथरायची, चालताना मागचे पाय एकमेकांत अडकायचे. मला बोलावलं तेव्हा ती आडवी झाली होती. सलाइन लावलं, जे जमलं ते केलं, पण पहाटे गाय गेली. अशी लक्षणं दाखवून जनावर मेलं की त्याच्या मेंदूचा नमुना तपासायला पाठवायचा, असा नियम आहे. एक शंका पिसाळण्याची असते. दुसरी त्या रोगाची, ज्याला लोक 'वेडी गाय' म्हणतात. त्यात मेंदूची हळूहळू चाळणी होते. परदेशात हरणांनाही त्याच जातीचा रोग होतो. गुरांना तो मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाचा चुरा घातलेल्या खाद्यातून होतो. आमच्या डोंगरातली गाय आयुष्यभर गवत आणि पाला खाते, तिला तो व्हायचा कुठून? पण 'आमच्याकडे नाही' असं नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही, तपासून दाखवावं लागतं.

गायीची मालकीण माझ्याच वयाची. नवरा मजुरीसाठी गुजरातेत, घरची शेती तिच्याच अंगावर. गोठ्यात दोन बैल आणि एक कालवड. बैलांवर तिचा कोण जीव. एकाला ती बोलता बोलता शिव्या द्यायची आणि तो कान हलवून ऐकून घ्यायचा. मला तिला सांगावं लागलं, की हा रोग निघाला तर एकाच दावणीला खाल्लेली ही तिन्ही जनावरं मारावी लागतील. असलं सांगायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. ती रडली नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून तिने विचारलं, "कधी कळेल?"

"तपासणी झटपट होते," मी म्हटलं. "काही तासांत."

हे खरंच होतं. आता अशा चाचण्या आहेत की नमुना टेबलावर आला की संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं. फक्त ते टेबल दुसऱ्या राज्यात होतं. आणि नमुना ताजा, थंडगार पोचायला हवा. तो नासला की चाचणी काही बोलत नाही, मग शंका तशीच राहते आणि जनावरं दाव्याला.

कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याच्या चमच्याने मी अंगठ्याएवढा तुकडा काढला. डबीत डबी, त्यावर पिशवी, असं तीनदा बंद केलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवून जीपने खापरला उतरले. तिथे जिल्ह्याची गाडी येऊन पेटी घेऊन जाणार होती. दुपारभर थांबले. शेवटी फोन आला, की गाडी वाटेत बंद पडली आहे, आता उद्या सकाळीच. पेटी उघडून पाहिली तर बर्फाचं पाणी व्हायला लागलेलं. त्यात लग्नसराई, गावातला सगळा बर्फ सरबतांत गेलेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

फ्रीज शोधत मी आणि जीपवाला निघालो. औषधाच्या दुकानदाराने हात जोडले, ते बरोबरच होतं, माणसांच्या औषधांशेजारी असलं काही ठेवता येत नाही. हॉटेलवाल्याने दुधाची भांडी दाखवली. माझा पारा उन्हाबरोबर चढत होता. जीपवाला माझ्यामागे पेटी घेऊन चालत होता. तो म्हणाला, "मॅडम, औषध शे म्हणा. खरं सांगं तर कोणी दारात उभं करनार नही."

शेवटी राहिलं चौकातलं मारवाडी शेठचं किराणा दुकान. जैन कुटुंब, पिढ्यान् पिढ्या इथलंच, घरात कांदासुद्धा येत नाही. पण दुकानाच्या दाराशी आइस्क्रीमचा आडवा मोठा फ्रीज. शेठ गिऱ्हाइकात गुंतलेला. त्याची आई, जिला सगळं गाव शेठाणी म्हणतं, आतल्या ओसरीवर ताटावर बसत होती. सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण होतं, नंतर पाणीसुद्धा नाही. मी 'औषध' म्हणायचं पक्कं ठरवून पायरी चढले. शेठाणीने वर पाहिलं, आणि त्या स्वच्छ ताटाकडे बघून मला खोटं बोलवेना.

"काय शे त्यामा?" तिने विचारलं.

"गायीचा मेंदू," मी म्हटलं.

शेठच्या हातातलं माप तसंच राहिलं. गिऱ्हाइकं मागे सरकली. जीपवाल्याने पेटी छातीशी धरून आकाशाकडे पाहिलं.

शेठाणीने मात्र ताट बाजूला सारलं. "कोणी मारी का तिले?"

"नाही. आजारी पडून गेली."

"मग हाई कसाले?"

मी तिला सगळं सांगितलं. बैल, कालवड, तो रोग, ते लांबचं टेबल. सांगताना माझा आवाज चढला, कारण दिवसभराचा राग साठला होता आणि तो काढायला समोर ही बिचारी म्हातारी होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "डब्बा थंडा ऱ्हायना तर ते तिन्ही वाचतीन का?"

"रोग नसेल तर वाचतील. डबा गरम झाला तर कळणारच नाही."

तिने ताट झाकलं. मग उठली, पदर खोचला आणि मुलाला म्हणाली, "काढ रे बठं आइस्क्रीम."

"मां, लगीनसराई शे," शेठ कळवळला. "माल आजच उना."

"मग आजच वाटी दे."

त्यानंतर खापरच्या चौकात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. शेठने पहिले दोन-चार कप अंत्यविधीच्या चेहऱ्याने दिले. मग बातमी पसरली. पोरं आली, पोरांच्या आया आल्या, बसची वाट पाहणारे आले, बस आली तर तिचा कंडक्टर उतरला. एका नवरदेवाची गाडी हॉर्न वाजवत चालली होती, तीसुद्धा थांबली आणि मुंडावळ्या सांभाळत नवरदेवाने कुल्फी खाल्ली. जीपवाल्याने किती खाल्लं ते त्याने अजून कबूल केलेलं नाही. कोणी भीत भीत विचारायचं, "फुकट?" आणि शेठाणी ओसरीवरून म्हणायची, "खाई ल्या, खाई ल्या, पघळी ऱ्हायनं." हळूहळू शेठचाही चेहरा पालटला. शेवटी तो स्वतःच लोकांना आग्रह करकरून वाढत होता, लग्नात वधूपिता वाढतो तसा. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी आंब्याचे दोन कप उभ्याउभ्या खाल्ले, आणि इतकं हसले की माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

फ्रीज रिकामा झाला. मी तो पुसून घेतला आणि मधोमध तेवढी पेटी ठेवली. मोठ्या पलंगावर एखादं मूल एकटंच झोपावं तशी ती दिसत होती.

सकाळी गाडी आली, पेटी गेली. फ्रीज मी माझ्या हाताने औषधाने धुतला. शेठाणीच्या सुनेने तेव्हा सांगितलं, की रात्री सासूबाई जेवल्याच नाहीत, त्या गडबडीत सूर्य बुडाला होता. मी ओशाळून शेठाणीकडे गेले. ती म्हणाली, "एक उपास घडना. चांगलंच शे." आणि मग तिने आपला नियम जाहीर केला. त्या जनावरांचा जीव टांगणीला आहे तोवर या दुकानात थंड काही विकायचं नाही. रिपोर्ट येईपर्यंत आइस्क्रीम बंद.

शेठने कपाळाला हात लावला. पण आईने धरलेला नियम मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. अशा रीतीने भर मे महिन्यात खापरच्या पोरांचं सुख माझ्या रिपोर्टला बांधलं गेलं, आणि सगळं गाव डोंगरातल्या दोन बैलांसाठी आणि एका कालवडीसाठी देवाला हात जोडू लागलं. बाजाराला ती पाड्यावरची बाई उतरली की पोरं तिलाच गाठायची, "तुन्हा बैल कसा शेतस?" सुरुवातीला ती बावरायची. मग उभी राहून सांगायला लागली, आज काय खाल्लं, कसा शिंगं उगारून आला. मला वाटतं, ते दिवस तिने त्याच बोलण्यावर काढले.

रिपोर्ट आला तेव्हा मी एका शेळीच्या बाळंतपणात होते. हात भरलेले, म्हणून जीपवाल्याने फोन माझ्या कानाला धरला. दोन्ही रोग नाहीत. गायीने बहुधा काही विषारी पाला खाल्ला असावा, नक्की काय ते कळलं नाही. करडू बाहेर आलं आणि मी रडायला लागले. शेळीवाल्याला वाटलं, करडू गेलं.

संध्याकाळी आम्ही गायीच्या मालकिणीला सांगायला पाड्यावर गेलो. तिने तिन्ही जनावरांची दावी सोडली, आणि ती अंगणभर हिंडताना बघत उंबऱ्यावर बसून राहिली.

पुढच्या बाजाराला ती गाडी जुंपून आली. शेठाणीसाठी आमचूर आणला होता, पण मुख्य म्हणजे बैल दाखवायला आणले होते. दुकानासमोर ही गर्दी. फ्रीज सकाळीच भरला होता, पण शेठाणीने कुणालाही हात लावू दिला नव्हता. तिने पायऱ्या उतरून दोन्ही बैलांच्या कपाळाला हात लावला. मग पहिला कप काढून त्या बाईच्या हातात ठेवला.

तिने झाकण उघडलं, लाकडी चमच्याने थोडंसं घेतलं आणि जिभेवर ठेवण्याआधीच थांबली. मग वळून अख्खा कप त्या शिव्या खाणाऱ्या बैलापुढे धरला.

"याना जीव टांगेल व्हता," ती म्हणाली. "याले पहिले."

गुरांची डॉक्टर म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. बैलाने कप चाटून पुसून साफ केला, आणि शेठाणीने दुसऱ्या बैलासाठी दुसरा कप काढला.