एकाच नावाचा जंतू

नव्वदच्या दशकातल्या एका नवरात्रात मला आणि माझ्या चुलतभावाला एकदमच गळू झालं. मला मानेवर, दादाला मांडीवर. आमचा मळा नाशिकला लागूनच, दसरा तोंडावर आलेला; झेंडूच्या तोडणीत गळवाकडे बघायला सवड कोणाला! तरी काकू आम्हा दोघांना डॉक्टरकडे घेऊन गेली. दोघांचा पू तपासायला गेला, गोळ्याही सारख्याच मिळाल्या. माझं गळू सुकलं. दादाला मात्र ताप भरला, धाप लागली, आणि दसऱ्याची फुलं बाजारात जायच्या आत तो गेला.

रिपोर्ट मागाहून आला. दोघांच्या पुवात जंतू एकच. मग माझाच का गेला, असं काकूने विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "प्रतिकारशक्ती कमी पडली." झालं! दादाला नवरात्राचे उपास होते, आणि ते काकूच्याच नवसाचे. आल्यागेल्याने तेच चघळलं. ज्यांनी स्वतः वणीच्या देवीला नवस बोलून पोरं उपाशी ठेवली होती, त्या बायकाही काकूला शहाणपण शिकवून गेल्या. मला त्यांचा अजून राग येतो.

दोन हजार साल उलटल्यावर मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला लागले. एकदा तासाला मॅडम म्हणाल्या, नाव एक असलं तरी सगळे जंतू सारखे नसतात. काहींच्या अंगात एक जास्तीचं जीन असतं, ते विष तयार करतं. तसला जंतू फुफ्फुसात उतरला की धडधाकट तरुणही हाती लागत नाही. पुढचा तास सोडून मी थेट मळ्यात गेले.

काकू ओट्यावर हार ओवत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे उपासानं नाय गेला?"

"नसेलही, काकू. त्याचा जंतूच जास्त जहाल असेल."

"आता तपासता यील का?"

"नाही गं. तेव्हा ही तपासणी इथे नव्हती. आणि तो पू तर कधीच फेकून दिला असेल."

ती खाली बघून ओवत राहिली. मला वाटलं, थोडं तरी ओझं उतरलं असेल.

"तू शिकलेली हायेस, तू म्हणती तसंच असंल बाई," ती म्हणाली. "पण अष्टमीला त्यानं भाकर मागितली व्हती. मी म्हणले, एकच दिस राह्यलाय."