मावशींचा क्लच

“आदी ऐक. मंग हात लाव.”

नवापूरच्या मावशींचं हे वाक्य कुठल्याही बिघाडाला लागू पडायचं. आमचा मिक्सर घरघरायला लागला, शेजारचं तान्हं बाळ रडायचं थांबेना, किंवा माझी मोटारसायकल चढावर बोंबलायला लागली, की मावशी डोळे मिटून, मान जराशी कलती करून आधी ऐकायच्या. बाळाच्या झबल्याची नाडी काचत होती, ती त्यांनी बरोबर शोधली. मिक्सरबद्दल एवढंच म्हणाल्या, “ह्यो गेला.” आणि तो गेलाच.

मावशी मासे विकायच्या. तुम्ही कधी बोईसरजवळ कुंभवलीच्या बाजूला भाड्याने राहिला असाल, तर त्यांना पाहिलं असणारच. घट्ट खोचलेला काष्टा, हेल्मेटखालून डोकावणारा अबोलीचा गजरा, मागे दोरीने करकचून बांधलेला निळा टब आणि खाली चांगली गिअरची मोटारसायकल. जनरल शिफ्टची माणसं घराबाहेर पडायच्या आत त्या समुद्राकाठच्या नवापूरहून निघून सतरा गेटांवर थांबायच्या. आमचं गेट अकरावं.

मोटारसायकल त्या हौसेने शिकल्या नव्हत्या. आधी त्या टब घेऊन रिक्षाची वाट बघत उभ्या राहायच्या. रिक्षावाला टब बघून “मागून येतेय, मागून येतेय” म्हणत निघून जायचा, आतले लोक नाकाला रुमाल लावायचे आणि इकडे मासळी उन्हात मऊ पडायची. एक दिवस मावशींचं डोकं फिरलं. चाळिशी उलटलेली असताना ओहोटीच्या कडक वाळूत त्या गाडी शिकल्या. “तिथं पडली तरी लागत नाय,” असं कारण. त्यानंतर त्या कुणाच्या मागे बसल्या नाहीत. “दुसऱ्याच्या पाठी बसली का त्याच्या टायमाला उतरावा लागतो,” असं म्हणायच्या.

मुलगा वसईला नोकरीला, सून नवापूरला मावशींजवळ. तो आला की घरी बसा म्हणून मागे लागायचा. “घरी बसली का मी मेली, भाच्या,” मावशी मला सांगायच्या. “गाडी चालते तवर मी चालते.” मी त्यांना मावशी म्हणायचो, म्हणून मी भाचा. हिशेब साफ होता.

मी वाईकडचा. मासा म्हणजे काय, हे मला लग्नानंतर कळलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी गेज तपासायच्या खात्यात होतो. कुठला दाब खरा, कुठला काटा खोटा, हे ठरवणं माझं काम. मात्र स्वतःच्या गाडीचं काही कळत नव्हतं, आणि ते मावशींनी एका झटक्यात उघडं पाडलं.

एका रविवारी मी पुलाच्या चढावरून कसाबसा घरी पोचलो. मूठ पिळली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र पुढे सरकायची नाही. मावशी गेटपाशी कोलंबी निवडून देत होत्या. त्यांनी डोळे मिटले.

“भाच्या, तुजी गाडी नुस्ती वरडते, पलत नाय. क्लच सरकतो.”

“मागच्याच आठवड्यात मी स्वतः वायर ताणून घट्ट केलीय, मावशी. क्लचची दांडी ढिली लागत होती.”

“तेच तर! ढील ठेवायची असते. वायर कायम तानलेली ऱ्हायली का आतल्या प्लेटी एकमेकींना पुऱ्या चिकटत नाय. मंग त्या घसरतात.”

आमच्या खात्यात ढिलेपणा हा गुन्हा. इथे तो नियम निघाला. मावशींनी हात पुसले, टबाखालून दहा नंबरचा पाना काढला, दांडीजवळचा नट सैल केला आणि वायर थोडी सोडली. मग कनवटीतून चिकूची एक बी काढली. चपटी, काळी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. क्लचची दांडी ढील संपेपर्यंत जराशी ओढली आणि मुळाशी जी फट पडली तिच्यात ती बी सरकवली. बी अलगद बसली.

“एवढी ढील. कमी नाय, जास्ती नाय. आता हँडल डावीकडं फिरव. आता उजवीकडं. फट तेवढीच ऱ्हायली? मंग झाला.”

मला हे पटेना. मी ती बी उसनी मागून घेतली, दुसऱ्या दिवशी कारखान्यात व्हर्नियरवर मोजली आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिली. माप बरोबर पुस्तकातल्या मर्यादेत होतं. मी हे मोठ्या कौतुकाने मावशींना सांगितलं.

त्या म्हणाल्या, “मंग पुस्तक बरोबर हाय.”

तिथून रविवारची शिकवणीच सुरू झाली. पहिला गिअर टाकताना गाडी उडी मारते? ढील जास्त झाली, क्लच पुरता सुटत नाही. दांडी सोडताना शेवटीशेवटी गाडी निघते? वायर बघ. आणि वायर बघायची म्हणजे दोन्ही टोकं काढून बघायची, नुसती वरून नाही. तेल घालायला मावशींनी कारखान्यातल्या रबरी हातमोज्याचं एक बोट कापून आणलं होतं. ते बोट वायरीच्या वरच्या तोंडाला दोऱ्याने बांधायचं, त्यात तेल ओतायचं आणि खालच्या टोकातून थेंब पडेपर्यंत गप्पा मारायच्या. त्या गप्पांत मी बोयट आणि शिंगाळा या माशांतला फरक शिकलो.

फक्त तेलाच्या बाबतीत आमचं जमलं नाही. मावशी मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, तेल वापरायच्या. होड्यांच्या लाकडाला लावतात ते. “होडी टिकते, मंग वायर का नाय टिकायची?” वायर टिकायची, प्रश्नच नाही. पण त्यांची गाडी कुठेही उभी राहिली की दोन मिनिटांत परिसरातली झाडून सगळी मांजरं तिच्याभोवती जमायची आणि त्यांतलं एखादं टाकीवर चढून क्लचची दांडी चाटत बसायचं. टबाकडे ढुंकूनही न बघता. मी एकदा नाक मुरडलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, “तू कारखान्यातून येतो तवा तुजा वास काय मोगऱ्याचा येतो?” माझ्या बायकोने यावर गरजेपेक्षा जास्त वेळ मान डोलावली.

एका वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा बाहेर पडल्या आणि दोन महिने न दिसलेल्या मावशी गेटवर हजर झाल्या. पण चेहरा उतरलेला.

“क्लच कडक झाला रे. दाबता दाबता जीव जातो.”

दोन महिने गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी होती. कडक होणारच, मी म्हटलं. आता शिष्याची पाळी होती. मी वायर काढली, हातमोज्याचं बोट बांधलं, या वेळी इंजिन ऑइल ओतलं. दांडीचा बोल्ट काढून ग्रीस लावलं. पुढच्या रविवारी मावशी म्हणाल्या, “अजून तसाच हाय.” मी वायर बदलली. “तसाच.” दांडी बदलली. “तसाच.” मग वायर खालून सोडवून इंजिनाजवळचा लिव्हर हाताने ढकलून पाहिला. लोण्यासारखा हलत होता.

मी दांडी दाबली की मऊ लागायची. पण मी पडलो तरणा गडी, माझ्या हाताचा काय भरवसा? मापाशिवाय बोलायचं नाही, ही आमच्या खात्याची शिस्त. मावशींच्या टबात आकड्याचा वजनकाटा होता. नवापूरला त्या वाटे लावून विकायच्या, पण इथल्या लोकांना किलोशिवाय चैन पडत नाही, म्हणून खास घेतलेला. मी त्याचा आकडा माझ्या गाडीच्या क्लचच्या टोकाला अडकवला आणि दांडी पूर्ण येईपर्यंत ओढला. साडेचार किलो. मग मावशींच्या गाडीला लावला. चार.

मी पुन्हा ओढलं. चारच.

मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. “माजा काटा खोटा नाय” ही शपथ त्या दिवसातून वीसदा घ्यायच्या, त्यामुळे आता त्यांना बोलायला जागा नव्हती. माझ्या मात्र तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, आणि आपण हे माप घेतलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. क्लच चांगला होता. त्यांचा डावा हात गेला होता.

“काटा बिगडला असंल,” मावशी म्हणाल्या.

“असेल,” मी म्हणालो. खोटा काटा पकडण्याचा पगार घेणारा मी, साफ खोटं बोललो. मग न राहवून म्हटलं, “डॉक्टरांना एकदा दाखवू या का हात?”

“डागदर काय बोलंल ते मना ठावं हाय. माजा पोरगा फुकट बोलतो तेच.”

“मग बिनगिअरची स्कूटर घ्या. तिला क्लचच नसतो.”

“ती गाडी नाय, पाट हाय,” मावशी उसळल्या. “त्याच्यावर बसून मासली कापायची.”

त्यानंतर मावशींनी जे केलं ते फक्त मला कळत होतं. सतरा गेटांची सहा झाली. थांबायच्या तेही जिथे रस्ता उताराचा असेल तिथे, म्हणजे गाडी आपोआप घरंगळते आणि क्लच जरासाच धरावा लागतो. मधले गिअर त्या क्लच न दाबताच टाकायच्या, मूठ नेमक्या क्षणी सैल करून. आमच्या सपाट गेटावर थांबणं बंदच झालं. इमारतीतले लोक म्हणू लागले, मावशी आता शिष्ट झाल्या, त्यांना मोठी गिऱ्हाइकं मिळाली. मी तोंड मिटून रोज सकाळी थाळी आणि पिशव्या घेऊन कोपऱ्यावरच्या उतारापर्यंत चालत जायचो आणि सगळ्या इमारतीची मासळी घेऊन यायचो. घाटावरच्या माणसाला मासे आणायला पाठवतात, म्हणून लोक हसायचे. हसू देत. मला मावशींची काळजी वाटत होती. सहाची चार गेटं झाली होती.

मग आठवडाभर त्या आल्याच नाहीत. मी समजून चुकलो. बायको म्हणाली, “जाऊन तर या एकदा नवापूरला.” मी रविवारी जायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी आमच्या सपाट गेटावर ओळखीचा आवाज आला. मी गॅलरीत धावलो. मोटारसायकल तीच, टब तोच. पुढे पंजाबी ड्रेसमधली त्यांची सून, हँडल जिवाच्या आकांताने धरलेली. तिच्या आणि टबाच्या मध्ये चेंगरून बसलेल्या मावशी. कुणाच्याही पाठी न बसणाऱ्या मावशी!

“सोड… हलू सोड… अगं हलू!” आणि बरोबर गेटात गाडी बंद पडली.

“बघ,” खाली उतरलेल्या मला मावशी म्हणाल्या, “हिला काय येत नाय. मी नसली तर ही टब घेऊन सरल खाडीत जाईल.”

सून खाली मान घालून हसत होती. मावशींचा आवाज पूर्वीपेक्षा चढला होता. सगळी सतरा गेटं परत सुरू झाली, कारण आता क्लचवर तरणा हात होता. आणि प्रत्येक गेटावर गाडी बंद पडायची, प्रत्येक गेटावर मावशी सुनेचा उद्धार करायच्या, आणि गिऱ्हाइकं सुनेची बाजू घ्यायची. दीड महिना झाला तरी हेच.

एका बाजाराच्या दिवशी मी बोईसर स्टेशनबाहेर अडकलो होतो. रिक्षा, हातगाड्या, माणसं, मुंगीला शिरायला जागा नाही. आणि त्या गर्दीतून मावशींची मोटारसायकल आली. सून एकटी. मागे गोणपाटात बर्फाची लादी. क्लच अर्धा धरून, पाय जमिनीला न लावता, चालत्या माणसाच्या वेगाने ती अशी सफाईने निघाली होती की मी बघतच राहिलो. मला पाहून ती दचकली आणि माझ्याजवळ अगदी अलगद थांबली.

“दादा, आईंना नका सांगू.”

“अगं, पण रोज आमच्या गेटात बंद कशी पडते मग?”

“बंद नाय पडली, तर त्या कशाला येतील माझ्यासंगती?” तिने पहिला टाकला आणि गेली.

मी पुढे कित्येक दिवस ती गाडी बंद पडताना पाहिली आणि अवाक्षर काढलं नाही. नंतर मला चाकणला नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी सामानाचा टेंपो खाली उभा होता, तरी मावशी आल्या तेव्हा मी थाळी घेऊन गेलो. गाडी रीतसर बंद पडली. सून वरच्या मजल्यावर कुणाला तरी बोंबील द्यायला गेली.

“शिकेल हळूहळू, मावशी,” मी म्हणालो.

मावशींनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “क्लच चुकून सुटला तर गाडी धक्का खाते का नाय? ही बंद पडते तवा मना धक्का बसत नाय. लबाड चावी फिरवून बंद करते.” आणि त्या इतक्या मनापासून हसल्या की मलाच डोळे पुसावे लागले.

“मग हे तिला बोलून का दाखवत नाही?”

“बोलली, तर ती एकटी जाईल.”

सून परत आली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली. गिअर पडायच्या आतच मावशी ओरडल्या, “हलू सोड, कितींदा सांगू!” मी टेंपोशेजारी उभा राहून बघत होतो. पहिला पडला, दुसरा पडला, गाडी वळणापर्यंत गेली. सुनेच्या खांद्यावर ठेवलेला मावशींचा डावा हात प्रत्येक गिअरला, जमेल तेवढा, मिटत होता आणि सावकाश उघडत होता.