ढकललेल्या गाडीची रेघ

त्या उन्हाळ्यात मी आणि ताई चिकलठाण्याला एका पेट्रोल पंपामागं, कडुनिंबाखाली, गाडीतच राहत होतो. गाडी म्हणजे ताईंच्या वडिलांची जुनी मॅटाडोर. त्यांनी हौसेनं तिच्या पोटात दोन बाकं, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं होतं, सहलींसाठी. वडील गेले, सहली संपल्या. ताईंनी नकाशांचं कंत्राटी काम घेतलं तेव्हा तीच गाडी त्यांचं घर झाली आणि ऑफिसही. मोबाइलवर वाट दाखवणारा जो नकाशा असतो, त्यातल्या चुका हिंडून शोधायच्या आणि दुरुस्त करून दूरच्या ऑफिसला पाठवायच्या, असं ते काम. गाडी मी चालवायची. छतावर जीपीएसची डबी चिकटवलेली, तिची वायर खिडकीतून आत ताईंच्या लॅपटॉपला. गाडी जाईल तशी पडद्यावर मागं निळी रेघ उमटत जायची.

मी कोकणातली, सातवीतून शाळा सुटलेली. ताईंकडे धुण्याभांड्याला लागले होते. त्यांनी मला गाडी शिकवली, लायसन काढून दिलं, रात्री लॅपटॉपवर अक्षरं कुठली कुठं असतात ते दाखवलं. एवढं कुणी आपल्यासाठी केलं की माणूस खूश व्हायला पाहिजे. मी खूश होतेच, पण कायम धास्ती. गिअर खटकन पडला तरी वाटायचं, आता ताई म्हणतील, जा बाई तू परत. त्या कधीच तसं म्हणाल्या नाहीत. धास्ती मात्र गेली नाही.

शहागंजच्या गल्ल्या करून आम्ही आधीच दमलो होतो. गाडीचा पत्रा दुपारी एवढा तापायचा की लॅपटॉप आपोआप बंद व्हायचा, मग ताई त्याच्याखाली ओलं फडकं पसरून बसायच्या. अशाच एका दुपारी जालना रोडवरून आत वळलो. फोनमधली बाई म्हणाली सरळ जा, म्हणून सरळ गेलो, आणि समोर एका कारखान्याची भिंत. नकाशात रस्ता भिंतीच्या आरपार पुढच्या वस्तीत जात होता.

भिंतीच्या सावलीत एक म्हातारी सुपात तूर निवडत बसली होती. बाजूला भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं खिंडार.

"आलात का?" ती म्हणाली. "बसा. जेवणवाले येतात, कुरेरवाले येतात, समदे इथंच येऊन डोकं धरतात. तुमी काय आणलं?"

"काही नाही मावशी. आम्ही नकाशावाले."

तिनं सूप खाली ठेवलं. "मग तुमालाच हुडकत व्हते मी."

तिची सून पुन्हा पोटुशी होती, आठवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला अँब्युलन्स बोलावली ती या भिंतीशी येऊन उभी राहिली. नाल्याकडून या, असं फोनवर सांगितलं, तर ड्रायव्हर म्हणाला, तिकडं रस्ताच दिसत नाही. सून भिंतीच्या पलीकडं. खाट खिंडारातून निघेना. "पोरीला तसंच चालवत आणलं," मावशी म्हणाली. "लेकरू हाती लागलं नाय." आणि पुन्हा सूप उचलून खडे वेचायला लागली.

ताईंनी त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर भिंतीतला रस्ता पुसला आणि नाल्याकडून वस्तीत येणारी गल्ली काढली. दोन दिवसांनी ऑफिसचं उत्तर आलं. भिंतीचं मान्य. गल्ली फक्त पायवाट म्हणून मान्य. वरून काढलेल्या फोटोत नुसते पत्रे आणि खाटा दिसतात, चारचाकी जाते याचा पुरावा नाही.

"पायवाट असली तर अँब्युलन्सला ती दाखवणारच नाही," ताई म्हणाल्या. "आपली गाडी घालू. आपली रेघ हाच पुरावा. आणि आपण गेलो तर अँब्युलन्सही जाईल."

मी गल्ली पायी पाहून आले. दोन्ही बाजूंनी खाटा, पाण्याचे ड्रम, कुलरचे स्टँड, एका घराची पायरी निम्म्या वाटेपर्यंत. वर कपड्यांच्या दोऱ्या. मध्ये चौकात निळा झेंडा, त्याच्या कट्ट्यापाशी तर वळणच होतं.

मावशीनं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सकाळीच सगळी वस्ती बाहेर. जय भीम घालून माणसं कामाला लागली. खाटा उभ्या करून भिंतींना टेकवल्या, ड्रम आत गेले, दोऱ्या सोडल्या. स्टिअरिंगवर मला बघून एक तरुण म्हणाला, "बाई चालवनार? मग माझी फटफटी पण आत घ्या रे."

"तुझ्या बापानं चालवली व्हती का कधी? सरक," मावशी म्हणाली.

पुढं एक रिक्षावाले चाचा पाठमोरे चालत हात हलवत होते. "आन दो, आन दो. हौ, बस. थोडा लेफ्ट." मी आरसे मिटले होते, त्यामुळे चाचांच्या हातावरच सगळा भरवसा. ताई मागच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन, एका हातानं वायर दाबून बसलेल्या. ती वायर सैल होती, सोडली की रेघ तुटायची.

कट्ट्यापाशी पोचलो आणि गाडीनं मान टाकली. इंजिन तापून बंद. चावी फिरवते, फिरवते, नुसती खर्र. मला रडूच यायला लागलं. मागून ताई म्हणाल्या, "काही होत नाही, थांब जरा." पण कुणी थांबलंच नाही. पाच-सहा जण मागं लागले, "ए, ढकला रं," आणि गाडी हलली.

"चालतंय का मॅडम असं?" चाचांनी विचारलं.

ताईंनी पडद्याकडं बघितलं. "रेघ तर येतेय."

मग काय, ढकलतच भिंतीजवळच्या मोकळ्या जागेपर्यंत नेली आम्हाला. तिथं सुनेनं चहा आणून दिला. बारीक चणीची, पोटावर हात धरून जपून चालणारी मुलगी. ती एवढंच म्हणाली, "झालं का मग?" मी म्हटलं, झालं.

झालं नव्हतं. ऑफिसनं रेघ परत पाठवली. त्यांच्याकडं यंत्रच वेग बघतं. एवढ्या हळू गाडी जात नाही, माणूसच जातो, म्हणून पुन्हा पायवाट. ताईंनी फोन लावला, समजावून सांगितलं. पलीकडची व्यक्ती गोड बोलली, पण तिच्याही हातात काही नव्हतं. फोन ठेवून ताई बराच वेळ डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडून राहिल्या. एवढ्या थकलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "माणसासारखी रेघ आली म्हणे," त्या फडक्याखालून म्हणाल्या, आणि दोघींना हसू आलं. ते फार टिकलं नाही.

वस्तीत परत सांगायला मीच गेले. पहिल्या दिवशीचा उत्साह नव्हता आता. "रोज रोज संसार उचलायचा का आमी?" एक बाई म्हणाली, ते खोटं नव्हतं. मावशी कुणाशी भांडली नाही. स्वतःच एक ड्रम कलता करून लोटत आत न्यायला लागली. ते बघून दुसरे उठले.

"ताई, या वेळी तुम्ही चालवा," मी म्हटलं.

"मग वायर कोण दाबणार? आणि मला ते वळण जमणार नाही. तुला जमेल."

रेडिएटरमध्ये पाणी भरलं. चाचांना पुढं चालू नका म्हणून सांगितलं, कारण आता जोरात जायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. पोरं सगळी घरात, दारं बंद. इंजिनाचा आवाज त्या पत्र्यांत केवढा मोठा वाटला. मी दुसरा गिअर टाकला आणि गेले. पायरी चुकवली. कट्ट्यापाशी स्टिअरिंग पूर्ण ओढलं, डाव्या बाजूला पत्र्याला पत्रा घासल्याचा लांब आवाज आला, वाटलं आता अडकलो, आणि सुटलो. मोकळ्या जागेत येऊन ब्रेक दाबला आणि तिथंच बसून राहिले. हातच निघेनात स्टिअरिंगवरून.

चाचा मागून धापा टाकत आले. घासलेली बाजू बघून म्हणाले, "जाने दो. गाडी की शादी में हल्दी तो लगती ही है."

रेघ मान्य झाली तोवर आमचं शहरातलं काम संपलं होतं. निघायच्या दिवशी मावशीनं मुलाला जालना रोडला उभं करून त्याच्या फोनवर घराचा पत्ता लावायला सांगितलं. फोननं भिंत टाळून नाल्याकडची वाट दाखवली. तरी मावशीचा विश्वास बसला नाही. "बघू," म्हणाली. "गाडी दारात आली की खरं."

आम्ही बीडकडं एका गावाबाहेर गाडी लावून होतो तेव्हा तिचा फोन आला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच घेतला.

"आली बरं का गाडी, दारापातूर," ती म्हणाली. "डायवरनं कुनाला काय इचारलं नाय. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

मागं माणसांचा, भांड्यांचा आवाज येत होता.

"तुमी गेल्यापासून गल्लीत एक खाट टाकू दिली नाय मी," ती म्हणाली. "समदे आत झोपायले, उकाड्यानं जीव चाललाय. लोकं शिव्या देतेत मला." मग म्हणाली, "आता ठेव बाई. मी पन झोपते. लई दिवस झाले."

ताईंना सांगितलं. त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. मी गॅस बंद केला. दुपार होती, पुढच्या गावाचं काम पडलं होतं, आणि आम्ही दोघी समोरासमोरच्या बाकांवर आडव्या झालो.