पोचल्याचा फोन

आमच्या कुडपणला शेजारच्या आजींच्या घरून कुणी मुंबईला निघालं, की पोचल्याचा फोन येईपर्यंत त्या घरात केर काढू देत नसत. पतवंडं झाली तरी त्यांचा नेम सुटला नाही. त्यांच्याकडे रेंज नसल्यामुळे फोन माझ्या मोबाइलवर येई.

“आजी, केर काढून एसटी दरीत जात नाय,” मी एकदा शहाणपणा केला.

“तुझी बायको घरात हाय, म्हणून सुचतंय रे तुला.”

पुढे बायको एकटी माहेरी निघाली, तेव्हा आमची केरसुणी मीच लपवली.

परवा छातीत दुखू लागलं म्हणून नातवाने आजींनाच जीपमधून महाडला नेलं. दुपारी त्याचा फोन आला. वाटेत घाटातच त्यांचा जीव गेला होता.

फोन अजून कानाला होता, तोवर त्यांची नातसून दारात आली. “भावजी, पोचल्या ना त्या? काढू आता केर?”