टसरवरचा मासा

फुशारकी मारायची खोड मला लहानपणापासून आहे, आणि ती इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या थंडीतही गेली नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकीमा बर्फावरून घसरल्या, त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि लेकीच्या लग्नाची साडी अर्धवट राहिली. क्रीम रंगाची टसर सिल्क. वर्षभर त्या तिच्यावर कांथा भरत होत्या. कांथा म्हणजे साधा धावदोरा, पण त्यातूनच मासे, वेली, कमळं उभी राहतात.

"तुला शिवता येतं का गं?" त्यांनी विचारलं. आम्ही हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत बोलायचो.

"आमच्याकडे गोधड्या शिवतात, काकीमा. टाका तोच."

टाका तोच, हे खरं. पण गोधडी मी फक्त पांघरली होती. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्यापासून माझ्या अर्जांना नकारच येत होते. 'तुला येतं का' असं कुणीतरी विचारलं, याचाच इतका आनंद झाला की जीभ पुढे धावली.

पदरावरचा एक मासा आणि दोन वेली राहिल्या होत्या. सगळं पेन्सिलीने आखलेलं होतं. साडी वर घरी आणून मी आधी मासा घेतला आणि गोधडीचा ओढतात तसा दोरा आवळून ओढला. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थरावर थर असतात, ते ओढ सोसतात. इथे एकच पातळ थर. तीन दुपारींत माशाचा सुका बोंबील झाला. घाबरून मी सगळं उसवलं. मग साडी खिडकीशी धरली, तर प्रत्येक टाक्याचं भोक तसंच होतं. रेशमावरची भोकं बुजत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पुढे शिवावं तर आणखी बिघडणार, परत द्यावी तर लग्न तीन आठवड्यांवर. रोज चार वाजता काकीमांचा फोन यायचा.

"माशाचं पोट भरलं?"

"भरतंय, काकीमा. फार छान दिसतंय."

बाहेर पडायचा जिना त्यांच्या दारावरूनच जायचा आणि ते दार कायम किलकिलं. म्हणून मी खाली उतरणंच सोडलं. दूध संपलं तेव्हा काळा चहा प्यायले. दिवसभर मी, ती साडी आणि खिडकीतून दिसणारे चाकांचे कचऱ्याचे डबे, दुसरं काही नाही.

"अगं, just tell her ना," नवरा म्हणाला. "She'll understand."

"मग तू जाऊन सांग."

त्याला लगेच मीटिंग आठवली. मला साडीचा राग यायला लागला, काकीमांचा, त्यांच्या न पाहिलेल्या लेकीचा, बर्फाचा. स्वतःला सोडून सगळ्यांचा.

अकराव्या दिवशी चारचा फोन आला नाही. आता मात्र बसवेना. साडी उचलली, खाली गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं: गोधडी, आवळलेला दोरा, उसवण, रोजचं खोटं. काकीमांनी डाव्या हाताने पदर उजेडात धरला. भोकांवरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"लेक ही साडी नेसणार नाहीये," त्या म्हणाल्या. "साउथहॅम्प्टनला तिने पांढरा ड्रेस घेतलाय. गेल्या आठवड्यातच सांगितलं मला."

"मग रोज फोन कशाला करत होतात?"

"तू इतकी मन लावून करत होतीस. तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

वर्षभराचं काम, आणि कुणी नेसणार नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी खांदे खाली आले, श्वास सुटला, आणि खोटं कशाला बोलू, हसूसुद्धा आलं असेल. काकीमा माझ्याकडेच बघत होत्या.

"चला, तुझी तरी सुटका झाली," त्या म्हणाल्या.

मग एका हाताने साडीची घडी घालायला लागल्या. ती जमेना, म्हणून मी दुसरं टोक धरलं. कोपऱ्याला कोपरा लावत आम्ही एकमेकींजवळ येत गेलो, आणि भोकांचा तो मासा घडीच्या आत गेला.